बसवण्णांनी सोनं घ्या म्हणून कुठं सांगितलं?

बसवजयंतीच्या आदल्या रात्री सोलापुरातल्या बाळीवेसेतल्या मावशीचा फोन. "सकाळी सराफाकडं जायचंय, गाडी घेऊन ये. वीस हजार कमी पडालेत, तेवढे बघ कुठून तरी. व्याजानं काढले तरी चालतंय म्हणे. बसवण्णांनीच सांगितलंय की रे."

सांगितलं होतं व्हॉट्सॲपवरच्या मेसेजनं. आमच्या भावकीच्या तिन्ही ग्रुपवर तो फिरून झालाय. त्याचं म्हणणं असं: बसवेश्वरांनी आपल्या जन्मतिथीला सोनं घेण्याचा मुहूर्त घालून दिला, कर्ज काढून घेतलं तरी ते दुप्पट होतं, 'कायकवे कैलास' (काम हाच कैलास) हे त्यांचंच वचन, म्हणजे कन्नडमधलं छोटं गद्यकाव्य, आणि त्याचा अर्थ कमवा आणि घ्या, अनुभव मंटप, म्हणजे त्यांच्या अनुयायांची चर्चेची बैठक, ही जगातली पहिली संसद, आणि आपले सिद्धरामेश्वर त्यांचे सख्खे धाकटे भाऊ.

भावाचं आधी निकालात काढतो, कारण सोलापुरात राहून हे पुढं पाठवणाऱ्यानं सिद्धरामांच्या गड्ड्याच्या जत्रेत तोंड दाखवू नये. सिद्धरामांचे आईवडील सुग्गलादेवी आणि मुद्दगौडा, सोन्नलगीचे, म्हणजे इथलेच. बसवण्णांचे मादलांबिका आणि मादरस, बागेवाडीचे. सिद्धराम बसवण्णांच्या कल्याणला, आताच्या बसवकल्याणला, गेले ते संत अल्लमप्रभूंबरोबर. झालं.

संसद म्हणाल तर मंटपात ना निवडणूक होती, ना तिथं कायदे होत. पण बाराव्या शतकात चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस एका बैठकीत बसत, अक्कमहादेवी तिथं उलट प्रश्नांना उत्तरं देई, हे नाकारता येत नाही. तेवढ्यापुरता मेसेजला अर्धा गुण.

आता सोनं. बसवजयंती वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच येते, एवढं एकच खरं. बाकी सगळं उलटं. बिज्जळाचं भांडार सांभाळलेला हा माणूस. मंगळवेढ्यात, आपल्याच जिल्ह्यात, त्यानं राजाचं सोनं रोज पाहिलेलं. तो वचनात काय म्हणतो? सोन्यातला एक कण, लुगड्यातला एक धागा आजला किंवा उद्याला हवा असं मी म्हणालो, तर कूडलसंगमदेवा, तुझी शपथ. उद्यासाठी कणभर नको म्हणणाऱ्याच्या नावावर व्याजाचं गंठण! मुहूर्ताचंही तेच. कुणी विचारलं तर लग्न शुभ आहे, चंद्रबळ, ताराबळ आहे, उद्यापेक्षा आजचा दिवस बरा, असंच सांगा, हेही त्यांचंच वचन. पंचांगाची एवढी सरळ थट्टा करणारा सकाळचे तास-मिनिटं ठरवून देईल होय?

'कायकवे कैलास' ही ओळ आयदक्की मारय्यांच्या वचनातली. बसवण्णांचा विचारही तोच, त्यामुळं गल्लत समजू शकतो. पण मारय्या कोण? सांडलेले तांदूळ वेचून दासोह, म्हणजे अन्नदान, करणारा. एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तर बायको लक्कम्मानं ते परत टाकून यायला लावले. 'कमवा आणि घ्या'चा दाखला द्यायला मेसेजवाल्याला नेमकं हेच घर सापडलं.

मावशीला फोनवरच सोन्याचं वचन कन्नडमध्ये म्हणून दाखवलं. अर्धं तिनंच माझ्याआधी म्हटलं. लहानपणापासून पाठ आहे तिला. मग जरा वेळ गप्प.

"ते खरंय रे. पण उद्या घडणावळ निम्मी आहे म्हणे."