अंगात स्वेटर, हातात भेंडीचं बी

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात उन्हाळी भाज्या ज्या दिवसांत लावायच्या असतात, त्या दिवसांत उन्हाळा नावाच्या प्रकारावर कोणाचा विश्वास बसत नाही. फेब्रुवारीचा मध्य. गिझर चालू, रजया अजून पेटीत गेलेल्या नाहीत, आणि अशा वेळी गच्चीवर कुडकुडत उभं राहून मे महिन्यात आपण काय खाणार याचा विचार करायचा. तो टाळला तरी चालतं. मे महिन्यात मग विचाराला सवड भरपूर मिळते, कारण कुंडीत दुसरं काहीच उगवलेलं नसतं.

उत्तरेत या हंगामाला जायद म्हणतात. रब्बी उठली आणि खरीप यायची आहे, यांच्या मधली फट. महाराष्ट्रातून आलेल्या आम्हा मंडळींची पहिली फसगत इथेच होते. पुण्या-नाशकाच्या हिशोबाने जानेवारीअखेर दुधी-काकडी टोकायला जावं, तर इथे ते बी उगवत नाही, कुजतं. वेलवर्गाच्या बियाला माती निदान १८-२० अंश तरी उबदार लागते, आणि दिल्लीच्या जानेवारीतल्या मातीत बोट घातलं की बोटसुद्धा उगवायला नकार देईल. थोडक्यात, फेब्रुवारीचा पंधरवडा उलटेपर्यंत गप्प बसायचं. त्यानंतर दुसरा मोह: "जरा थंडी पुरती जाऊ दे, होळी झाली की पेरू." होळी कधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी थेट पंचवीस तारखेला. पंचांग दुधीला विचारून काढलेलं नसतं.

माझं स्पष्ट मत आहे की इथला हिशोब आजपासून पुढे करायचाच नाही. १५ मेपासून मागे करायचा. मेच्या मध्यावर पारा ४२-४४ ला टेकतो, लू म्हणजे तापलेला कोरडा वारा सुटतो, आणि त्या कोरड्या भट्टीत परागकण मरतात, फुलं गळतात. तेव्हा वेल निव्वळ जीव धरून राहतो, फळं धरत नाही. म्हणजे जे काही खायचं त्याची तोडणी तोवर रंगात आलेली हवी. भेंडी आणि काकडी पहिल्या तोडणीला ४५ ते ५० दिवस घेतात, ढेमसं साधारण तेवढेच, दुधी ५५-६०, कारलं ६० किंवा वर. १५ मेतून ६० दिवस वजा केले की उरते १६ मार्च. ही शेवटची गाडी आहे, पहिली नव्हे. त्यातही पहिलं फळ आणि भरघोस तोडणी यांत दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा १५ फेब्रुवारी ते १५ मार्च, एवढाच काय तो मुहूर्त, आणि त्यातला पहिला पंधरवडा सोन्याचा.

टोमॅटोचं तर विचारूच नका. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की त्याची फळधारणा बंद पडते. म्हणून उन्हाळी टोमॅटोचं बी नोव्हेंबर-डिसेंबरात वाफ्यात पडायला हवं आणि रोप फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जागेवर. मार्चअखेर नर्सरीवाला टोमॅटोचं टवटवीत रोप हसतमुखाने विकतो. ते वाढतं, फुलतं, फुलं गाळतं, आणि जूनपर्यंत शोभेचं झाड म्हणून नांदतं. कोथिंबीर आणि पालक यांचीही हीच तऱ्हा. मार्चच्या शेवटी पेरले तर चार पानं दाखवून तडक तुऱ्यावर जातात. त्यांच्या जागी माठ पेरावा, इथली चौलाई. पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येते, उन्हाला भीक घालत नाही. मयाळूही तसाच. उशीर झालेल्यांना चवळी आणि गवार आहेतच; एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या दोघी पदरात घेतात.

आता बी. दिल्लीत बी म्हटलं की पुसा, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्था. ही संस्था मुळात बिहारातल्या पुसा गावी १९०५ साली उभी राहिली, १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये सगळा कारभार दिल्लीला आला; येताना गावाचं नाव बरोबर घेऊन आला. वाणांची नावं अशी: घोसाळ्याची पुसा स्नेहा, कारल्याचं पुसा विशेष, दुधीचा पुसा नवीन, चवळीची पुसा कोमल. पाकिटं हातात घेतली की लग्नपत्रिकेतली 'आपले विनीत' ही यादी वाचल्यासारखं वाटतं. कारल्यात 'पुसा दो मौसमी'ही आहे. नावाप्रमाणे उन्हाळा आणि पावसाळा दोन्हींना चालतं, आणि कडूपणात मौसम बघत नाही. भेंडीत मात्र डोळसपणे निवडावं, कारण तिला केवडा नावाचा रोग होतो: पानांच्या शिरा पिवळ्या, मग अख्खं पान पिवळं, मग शेंगाही. पांढरी माशी हा विषाणू घरोघर पोचवते. जुनी पुसा सावनी या रोगाला दाद देत नाही म्हणून आली होती आणि पुढे स्वतःच त्याला बळी पडू लागली. त्यानंतर रानटी भेंडीशी संकर करून आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' काढली. उत्तरेतल्या बियाण्याच्या दुकानात ते पाकीट दिसलं की मराठी माणूस उगाचच दुकानदाराकडे अभिमानाने बघतो. दुकानदाराला परभणी कुठे आहे ते ठाऊक नसतं. गच्चीवर मी तरी 'पुसा ए-४' सुचवीन. झाड आटोपशीर राहतं.

बी पेरण्याआधी भिजवावं, पण सरसकट नको. काकडीला तीन-चार तास पुरतात, भेंडीला रात्रभर, दुधीलाही रात्रभर, कारल्याला पुरे चोवीस तास. कारल्याचं कवच इतकं चिवट की टोकाकडचा कण नेलकटरने उडवल्याशिवाय ते बधत नाही. भिजलेलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायचं. फेब्रुवारीत घरात चोवीस तास कोमट असणारी जागा एकच, वायफायचा राउटर. पोटलीखाली ताटली ठेवावी, नाहीतर बियांना मोड येतील आणि राउटरला मोडीत काढावं लागेल. मोड दिसला की दोन-अडीच सेंटिमीटर खोल, बस्स. खोल पुरलं की जास्त मजबूत होतं, ही समजूत नव्या बागाइतदारांत फार.

उन्हाळी भेंडी दाट पेरतात, ४५ सेंटिमीटरच्या ओळीत २० सेंटिमीटरवर एक, कारण पावसाळ्याइतकी ती फोफावत नाही. कुंडीत मात्र बारा इंचाला एकच झाड. दुधीला अठरा इंचाहून लहान ग्रो बॅग देणं म्हणजे त्याच्याशी सरळ वैर. चाळीस-पन्नास लिटरची बॅग, त्यात चार वाटे माती, तीन वाटे कुजलेलं शेणखत, दोन वाटे कोकोपीट, एक वाटा वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असलं तर वाळवी लागते आणि मुळं भाजतात. भिजलेली अशी बॅग पन्नास किलोच्या घरात जाते. तेव्हा ती गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, तुळईच्या रेषेत ठेवावी. खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघत जेवत असतात.

वेलांची पहिली पानं उघडली की लाल भुंगा येतो. नारिंगी-लाल, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दिसायला देखणा. दोन मांसल बीजपर्णांवर बसून तो गोल गोल भोकं पाडतो, आणि दुपारपर्यंत पानाची चाळण होते. नुसती ती दोन पानं गेली तरी रोप कोलमडतं. चार-पाच खरी पानं आल्यावर मात्र भुंग्याने कितीही खाल्लं तरी फरक पडत नाही. म्हणजे लढाई दोन आठवड्यांचीच आहे. पहाटे दव असताना चाळलेली राख भुरभुरावी, किंवा रोपावर जुनी मच्छरदाणी टाकावी. गारठ्याने सुस्तावलेले भुंगे सकाळी हाताने वेचताही येतात. नऊनंतर ते उडतात आणि आपण टाळ्या वाजवत राहतो.

एप्रिल उजाडला की दुधीला फुलं येतात आणि आनंदीआनंद होतो. सगळी नर. सुरुवातीचे पंधरा दिवस बहुतेक नरच, आणि मोठा दिवस नि चढतं ऊन त्यांचीच संख्या वाढवतं. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासून असतो, तो दिसेस्तोवर धीर धरायचा. वेल सहा-सात पानांचा असताना शेंडा खुडला, मग फुटलेल्या फांद्यांचेही शेंडे खुडले, की तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात. याला सगळे 'थ्री-जी कटिंग' म्हणतात. जगात फाइव्ह-जी आलं तरी दुधी अजून तिथेच आहे.

खरी पंचाईत परागीभवनाची. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, मधमाश्या आपलं काम करून जातात. दुधी आणि दोडका मात्र दिवेलागणीला फुलतात. शहरातल्या आठव्या मजल्यावर त्या वेळी पराग नेणारे पतंगकिडे फिरकत नाहीत. म्हणून सात-साडेसातला टॉर्च घेऊन वर जायचं, ताजं नर फूल देठासकट तोडायचं, त्याच्या पांढऱ्या, मलमली पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळी परागाची गाठ मादीच्या तीन जाड कुक्षींवर हलक्या हाताने फिरवायची. रंग लागलेला दिसायला हवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. हे चालू असताना शेजारच्या आंटीजी वाळलेले कपडे काढायला येतात आणि विचारतात, "क्या कर रहे हो?" याचं शोभेलसं उत्तर हिंदीत नाही, मराठीतही नाही. जमलं तर दोन-तीन दिवसांत इवला दुधी खाली मान घालून फुगू लागतो; फसलं तर पिवळा पडून गळतो, आणि लोक त्याला खत कमी पडलं म्हणून युरिया घालतात. युरियाने पानं आणखी माजतात, फळ येत नाही.

मे लागला की सगळा खेळ पाण्याचा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दहानंतर चहाला चालेल इतकं तापतं, म्हणून पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं लोंबतात, ते बघून कळवळून बादली ओतू नये. तापलेल्या मातीत पाणी साचलं की मुळं शिजतात. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे. नाही झाली तर दोन इंच बोट घालून बघावं. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मुळाशी दोन-तीन इंच पालापाचोळा, कुंड्यांखाली विटा, कारण फरशीची धग बुडातून चढते. भेंडी-वांग्याच्या पानांवर पांढुरके ठिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पानाच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा. आणि मांडव तारेने, चार ठिकाणी, कठड्याला घट्ट बांधावा. मेमधल्या आंधीत सैल बांधलेला मांडव काकड्यांसकट समोरच्या टॉवरला जातो, आणि तिथून काकड्या परत येत नाहीत.

यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यात, हीच पिकं घेणारे लोक नोव्हेंबर-डिसेंबरातच वाळूत चर खणून खत भरतात, बी टोकतात आणि वायव्येच्या गार वाऱ्याला आडोसा म्हणून सरकंडा नावाच्या उंच गवताच्या तिरप्या भिंती उभ्या करतात. त्यामुळे त्यांची काकडी आमच्या कितीतरी आधी बाजारात येते आणि आमचं पहिलं फळ येईस्तोवर भाव पार पडलेला असतो. म्हणून गच्चीवर काकडीऐवजी कारलं लावावं. त्याचा वेल कमी जागेत वर चढतो, भुंगा त्याच्या वाटेला फारसा जात नाही, आणि दारावर मागायला कोणी येत नाही.