भरत जाणारी टाकी

काल दुपारी कट्ट्याच्या अलीकडे जीप बंद पडली, तेव्हा डिझेलची पट्टी गळ्यापर्यंत हिरवीगार होती.

जुना काटा चार वर्षं अर्ध्यावर अडकलेला. त्याच्यावर विश्वासच नव्हता, त्यामुळे टाकीत काठी घालून बघायचो आणि कधी अडलो नाही. मग हौस आली. डॅशबोर्डवर स्क्रीन, स्क्रीनवर उभी पट्टी, टाकीत नवा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून पातळी कळवणारा. सेटिंगमध्ये दोन चौकोन: किमान, कमाल. फ्लोटच्या कागदावर विजेच्या रोधाचे दोन आकडे: ३३ ओहम, २४० ओहम. लहान आकडा किमानात, मोठा कमालमध्ये. एवढं गणित मला येतं. हिरव्याची छटा निवडण्यात मात्र दोन संध्याकाळी गेल्या. टाकी तेव्हा साधारण अर्धी होती, पट्टीही अर्धी. संशयाला जागाच नाही. पुढच्या चार दिवसांत पट्टी चढत गेली, तेव्हा वाटलं, चिरंजीवांनी डिझेल भरलं असणार. हे मला खरं वाटलं, यावरूनच माझी अक्कल ओळखा.

मोरीवर छत्री घेऊन एक आजोबा बसले होते. एसटीतून निवृत्त ड्रायव्हर, हे त्यांनी नावाआधी सांगितलं.

“डिझेल?”

“फुल आहे,” म्हणत मी पट्टी दाखवली.

त्यांनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाकले आणि फणस पिकलाय का बघावं तशी टाकीवर बोटं वाजवली.

“रिकामी.”

“अहो, पण इथे दिसतंय ना!”

“तां दिसता. ह्यां वाजता.”

मला राग आला. मी त्यांना फ्लोट समजावायला घेतला. टाकी भरलेली असली की ३३ ओहम, रिकामी होत गेली की आकडा वाढत वाढत २४०... आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. आजोबांची नाही.

“म्हणजे बावडेचो दोर. पाणी खाली गेला काय दोर जास्त लागता. आणि तू दोर मोजून म्हणतंस, पाणी वाढला!”

मग किंमत विचारली. साडेचार हजार. “तेवढ्यात डिझेल किती येता?” मी गप्प. त्यानंतर जाणारी प्रत्येक रिक्षा त्यांनी हात करून थांबवली. माझ्यासाठी डिझेल मागवायला एक पुरे होती. बाकीच्या नुसत्या ऐकवायला: “बघ रे, हेची टाकी चालवल्यार भरत जाता!”

कॅन आला, पण डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली. ती काढायला इंजिनाचा हातपंप दाबून दाबून अंगठा सुजला, तो अजून दुखतोय. आणि खरं सांगू? चूक सगळी माझी नाही. त्या चौकोनांवर ‘रिकामी’ आणि ‘भरलेली’ असं लिहायला काय जात होतं? किमानात २४० टाकायचे, हे कुणाला सुचणार? वर टाकी काही चौकोनी डबा नव्हे, की पातळी अर्धी म्हणजे डिझेल अर्धं. पट्टी खरी दाखवायची तर टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतायचं आणि दर वेळी आकडा नोंदवायचा. टाकी आयती रिकामी एकदाच मिळाली, काल, भर उन्हात. तेव्हा नोंदी करायचं डोकं कुणाचं जाग्यावर होतं?

आकडे रात्रीच उलटे केले. पट्टी आता तळाशी, लाल. आज सकाळी मासळी बाजारात एका अनोळखी रिक्षावाल्याने विचारलं, “काय हो, टाकी खंयसर भरली?”