'कालवणात सगळं मरतं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

'दर्यावर्दी' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

बांगडा, बर्फ आणि देशोदेशीचे नियम यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "एसीत बसून परदेशी आकडे वाचणाऱ्यांनी कोळणींना धंदा शिकवू नये, कालवणात उकळलं की सगळं मरतं." पुढे तीन मुद्दे आहेत: नियम म्हणजे आपला माल अडवायचा डाव, बर्फ परवडत नाही, आणि आज्यांच्या काळी कोणी आजारी पडत नव्हतं.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण मी कोण, कुठली, हे न विचारता तुम्ही मला एसीत बसवलंत. माझी आई मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात मच्छी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात विकायची. पाटीखालून गळणारं पाणी तिच्या पाठीवरून वाहताना मी पाहिलंय. पुढे मी एका निर्यात कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. कोळंबीचे नमुने, सोलायच्या टेबलांवरून घेतलेले स्वॅब, कामगार बायकांच्या हातांवरचे स्वॅब, हे माझं रोजचं काम होतं. तेव्हा धंदा मला माहीत नाही, असं मला सांगू नका. आणि कोळणींना शिकवणारं एक वाक्य माझ्या लेखात दाखवा. मी लिहिलं होतं ते होडीबद्दल, जेट्टीबद्दल. बांगडा डेकवर बर्फाविना तापत पडतो, मग लिलावात पुन्हा उघड्यावर. बाईच्या पाटीत येईपर्यंत जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र तिला. मी तिच्या बाजूने लिहिलं, आणि तुम्ही तिलाच ढाल करून माझ्यावर आलात. याचा मला राग आला, तो लपवत नाही.

आता कालवण. लिस्टेरिया, साल्मोनेला, व्हिब्रिओ हे जीवाणू नीट उकळल्यावर मरतात, हे बरोबर. म्हणूनच युरोपचा लिस्टेरियाचा नियम शिजवायच्या कच्च्या मच्छीला नाही, पाकीट फोडून तसंच खायच्या पदार्थांना आहे. उकडून पॅक केलेली कोळंबी घ्या. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि खाणारा ती पुन्हा शिजवत नाही. अमेरिका म्हणते, २५ ग्रॅममध्ये तो सापडताच कामा नये. युरोपच्या २००५ च्या नियमात मुदत संपेपर्यंत ग्रॅमला १०० जीवाणूंपर्यंत चालतो, पण संख्या त्यावर जाणार नाही हे उत्पादकाने सिद्ध केलं तरच. नाहीतर २५ ग्रॅममध्ये शून्य. हे सगळं लेखात होतं. तुम्ही वाचलं नाहीत.

पण बांगड्याचं दुखणं वेगळं आहे. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जीवाणू त्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात, आणि ते पोटात गेलं की बाधतं. जीवाणू रश्यात मरतील, हिस्टामिन मरत नाही. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवून जात नाही, कितीही तिरफळं घाला. जेवून तासाभरात तोंड लाल होतं, अंगभर खाज सुटते, डोकं ठणकतं. घरात म्हणतात पित्त उठलं, आणि दोष कोकमाला नाहीतर त्या माणसाच्या प्रकृतीला. युरोप अशा माशांच्या एका लॉटचे नऊ नमुने घेतो. हिस्टामिनची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, १०० ते २०० मध्ये दोनच नमुने चालतात, २०० वर एकही नाही. हा आकडा कालवणाने खाली आणता येत नाही, तो फक्त बर्फाने खाली ठेवता येतो. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता.

डावाबद्दल फार लिहीत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपने भारताच्या मच्छीवर बंदी घातली, तेव्हा आमच्या आळीतल्या सोलायला जाणाऱ्या बायका घरी बसल्या होत्या. त्याचा त्रास मला तुमच्याकडून शिकायचा नाही. पण जपानने २००१ मध्ये कच्च्या खायच्या मच्छीत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसला ग्रॅमला १०० ची मर्यादा घातली, ती कोणाला अडवायला? हा जीवाणू जगाला पहिल्यांदा सापडला तोच जपानात. १९५० मध्ये ओसाकात लहान माशांतून विषबाधा होऊन वीस माणसं गेली, त्यातून. ज्याच्या घरात माणसं गेली, तो नियम करतो.

बर्फ महाग पडतो हे तुमचं म्हणणं मान्य. छोट्या होडीवाल्याला लादीचा खर्च खरंच जड जातो, आणि तो सगळा त्याच्याच माथी मारावा असं मीही म्हणत नाही. आज्यांबद्दल, त्यांच्या काळी कोणी नोंदी ठेवत नव्हतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एवढंच विचारते: परदेशी जाणाऱ्या खोक्यातला मासा तपासला जातो, आणि तुमच्याआमच्या ताटातला बांगडा सहसा कोणी तपासत नाही, हे तुम्हाला चालतं का? उत्तर जरूर द्या. हिस्टामिन उकळून जातं हे कुठे वाचलंत तेही लिहा. आणि या वेळी आधी लेख वाचून घ्या.