टक्क्यांची बेरीज करू नका हो!

‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हे, किती वेळा सांगायचं? १०० चे आधी ५० झाले. पुढचे २० टक्के त्या ५० वर, म्हणजे १०. उरले ४०. सूट ६० टक्के! काल पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलं, तरी समोरचा विचारतो, “मग १० टक्के गेले कुठे?” अरे, ते नव्हतेच कधी!

पगार २० टक्के कापून पुन्हा २० टक्के वाढवला की ‘झाली भरपाई’ म्हणणारे वेगळेच. १०० चे ८०, ८० चे ९६. चार कोणी गिळले?

आणि जाताना ताशी ६०, त्याच रस्त्याने येताना ३०, की लगेच सरासरी ४५ ठोकून मोकळे! ४० येते. हळू चालताना वेळ जास्त जातो, एवढंही कळू नये?