वारा, पाऊस आणि अंदाजाची मर्यादा

अणुभट्टीतून किरणोत्सर्गी द्रव्य हवेत सुटल्यास कोणाला किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळेल हे संगणक वाऱ्याच्या नोंदींवरून सांगू शकतो, हे एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. वाऱ्याआधी प्रश्न येतो तो नेमके काय, किती आणि केव्हा सुटले याचा, आणि अपघाताच्या पहिल्या तासांत नेमके तेच ठाऊक नसते. २०११ साली फुकुशिमात जपानच्या ‘स्पीडी’ या किरणोत्सर्गाच्या प्रसाराचा अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणालीला ही माहिती मिळाली नाही, म्हणून एकक उत्सर्जन (खऱ्या आकड्याऐवजी ‘एक एकक सुटले’ असे) गृहीत धरून गणिते झाली. त्यातून दिशा कळत होती, पण तीही वेळेवर लोकांपर्यंत पोहोचली नाही आणि नामिए गावचे अनेक रहिवासी वायव्येला, म्हणजे किरणोत्सर्गी ढग ज्या बाजूला सरकला तिकडेच, आश्रयाला गेले.

आम्हा खानापूरकरांना हा विषय परका नाही, कारण कैगा अणुवीज केंद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. हवेतील प्रसाराची, सपाट भूमीसाठी बेतलेली साधी सूत्रे सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत फसतात. त्यातच पाऊस हवेतले कण धुऊन जमिनीवर आणतो, त्यामुळे जुलैत कणकुंबीसारख्या मुसळधार पावसाच्या ठिकाणी (तिथला पाऊस पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको) केवळ अंतरावरून मात्रा ठरवणे धोक्याचे ठरेल. आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य (ते निम्मे होण्यास लागणारा काळ) आठ दिवसांचे असले, तरी तेवढ्यात ते गवतातून दुधात उतरते. तेव्हा श्वासावाटे मिळणाऱ्या मात्रेइतकेच लक्ष गोठ्याकडेही हवे, आणि त्या लेखात त्याचा उल्लेखच नाही.