प्लास्टिकच्या सुटाने चपळाई येते म्हणे!

‘कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंगवाल्यांनो, 21 दिवसांत चपळाई दुप्पट!’ हा मेसेज नाशिकमधल्या तालमींच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्या 16 वर्षांच्या भाच्याकडे आला आणि ‘मामा, तो सूट कुठे मिळेल?’ असं त्याने विचारलं, म्हणून लिहितोय. मेसेजातले सल्ले चार: प्लास्टिकचा सूट घालून पळा, रोज लॅडर करा (म्हणजे जमिनीवर पसरलेल्या शिडीच्या घरांतून भरभर पावलं टाका), वजनं उचलू नका, घोट्याला वजन बांधून दिवसभर हिंडा.

‘घामाबरोबर अंगातला जडपणा निघून जातो’ म्हणे. जातं ते पाणी! घाम वाळला तर अंग थंड होतं. प्लास्टिकच्या आत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. अंग तापत जातं, रक्तातलं पाणी घटतं, हृदय धावू लागतं. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज कुस्तीगीर असेच सूट घालून, उकाड्यात व्यायाम करून वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत या सुटांवर बंदी आली. ती पोरं निदान वजनगटात बसायला झटत होती. आपण मे महिन्याच्या उन्हात पोरांना चपळाईसाठी हे घालायला सांगतोय? पाणी उतरलेला पैलवान मॅटवर मंदच पडतो.

लॅडरने नवख्याचे पाय हलके पडतात, ताल सापडतो. बरं, तेवढं मान्य. पण जमिनीवर पडलेली शिडी तुमचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला येत नाही. शेपर्ड आणि यंग या अभ्यासकांनी 2006 मध्ये केलेल्या व्याख्येत नेमकं हेच आहे: समोरून काही घडलं की त्याला उत्तर म्हणून अंगाचा वेग किंवा दिशा झटकन बदलणं म्हणजे चपळाई. म्हणून जोडीदार हवा. एकाने गुडघ्याला हात लावायचा, दुसऱ्याने वाचवायचा. दहाएक सेकंद, मग पुरता दम खायचा. खडाखडीत, म्हणजे उभ्याने पकडीसाठी चाललेल्या झटापटीत, समोरच्याचा खांदा खाली गेला की पाय आपोआप मागे जायला हवा, ती नजर अशी तयार होते.

वजनांनी अंग आखडतं हे जुनंच तुणतुणं. दिशा बदलायची तर आधी अंग थांबवावं लागतं, त्याला ताकद लागते. शिकवणारा मात्र जाणता हवा.

आणि घोट्याला वजन बांधून दिवसभर हिंडलं की चालण्याची ढब तेवढी बिघडते.