गुडघे दुखतात त्यांना मांडी घालायला लावू नका

लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद अधूनमधून पेटतो. एका बाजूचं म्हणणं, माइंडफुलनेस (आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान) ही आपलीच विपश्यना, अमेरिकेनं नवं लेबल लावून परत विकली. दुसरी बाजू म्हणते, दुखण्याला गोळीच लागते, बाकी सगळी मनाची समजूत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून हे वाचताना मला वाटतं, भांडण मालकीचं चाललंय आणि आईचे गुडघे तसेच ठणकताहेत.

मालकीचा प्रश्न तर केव्हाच मिटलाय. याच राज्यातल्या वूस्टरला १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. मूळ बौद्ध साधनेचं आहे, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी ती दुखऱ्या शरीराला बसेल अशी केली, म्हणजे खुर्ची चालते, आडवं पडलं तरी चालतं. आपल्याकडे मात्र सत्तरीच्या माणसाला आधी मांडी घालायला सांगतात, नाहीतर थेट दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवतात. झिजलेल्या गुडघ्यांना ते झेपत नाही, आणि मग ‘ध्यान आपल्याला जमत नाही’ असा शिक्का बसतो.

घरी करायचं तर पाठ असलेली, न डुगडुगणारी खुर्ची घ्या. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहावी म्हणून खाली गोधडीची घडी ठेवा. पाय टेकत नसतील तर पायांखाली पाट द्या. बसवत नसेल तर बाजेवर उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवल्याबरोबर नको. लक्ष आधी तळपायांवर, मग पोटऱ्या, मांड्या, हात असं सावकाश न्यायचं. दुखरी जागा शेवटी, आणि तिथेही थोडाच वेळ. ठणका आहे की जळजळ, एका जागी आहे की सरकते, एवढंच बघायचं. ‘आता मी अंथरुणालाच खिळणार’ हा विचार आला, तर तो विचार आहे आणि कळ वेगळी आहे, हे ओळखायचं. कळ वाढली तर लक्ष तळहातांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर न्या, पाय खुशाल हलवा. दात ओठ खाऊन बसलं की स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं. डोळा लागत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा. झोपून केलं असेल तर कुशीवर वळून, काठावर मिनिटभर बसूनच उठा. या वयात बीपी एकदम उतरून चक्कर येते.

यानं दुखणं जातं, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्याच पिट्सबर्गला पासष्टीच्या पुढच्या, कंबरदुखीच्या २८२ जणांवर झालेला याच पद्धतीचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. आठ आठवड्यांनी हालचाल सुधारली होती. सहा महिन्यांनी तो फायदा टिकला नाही, आणि मधे दर महिन्याची उजळणी असूनही. म्हणजे कोर्स उरकला की संपलं, असं हे काम नाही.

इथंच मराठवाड्याचं पारडं जड आहे, असं माझं मत. इकडे अमेरिकेत म्हातारी माणसं ॲप लावून एकटी बसतात. गावात संध्याकाळी हरिपाठाला माणसं आपसूक जमतात, तेही फुकट. त्याआधी दहा मिनिटं मंदिरात चार खुर्च्या मांडायला कुणाची हरकत असेल? (खुर्चीवर बसून देव बाटत नाही.) नामस्मरण सोडायची गरज नाही, पण ते दुखण्याकडून लक्ष वळवतं आणि हे ध्यान दुखण्याकडे नीट बघायला शिकवतं. दोन्ही कामाची आहेत.

गोळ्या मात्र परस्पर बंद करायच्या नाहीत, आणि मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक रोजही घ्यायची नाही; त्यानं मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडतात. कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडले, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा वजन उतरलं तर ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. परदेशातल्या मुलांनी इंग्रजी ॲपची लिंक पाठवण्यापेक्षा या सूचना आपल्याच आवाजात, आपल्याच बोलीत, दोन वाक्यांच्या मधे भरपूर थांबून रेकॉर्ड करून पाठवाव्यात.